आजोबांचा क्लॅरिनेट गोल बोलायचा, माझा पिपाणीसारखा का?

काळी_पाच

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्याचा, बँकेत नोकरी, वय ३६. दोन वर्षांपूर्वी प्लॅस्टिकचा बी फ्लॅट क्लॅरिनेट घेतला. थोडं इथल्या एका बँडमास्तरांकडून शिकलो, बाकी कान आणि यूट्यूब. आमचा सहा जणांचा नाट्यसंगीताचा ग्रुप आहे, गणपतीत आणि कोजागरीला कार्यक्रम होतात. मागच्या कार्यक्रमानंतर आमचे पेटीवाले काका म्हणाले, "सूर लागतोय रे, पण बोचतोय. पत्र्याच्या पिपाणीतून आल्यासारखा." घरात हे मत आधीपासूनच होतं, मी ते मनावर घेत नव्हतो इतकंच.

माझे आजोबा (आईचे वडील) कराडला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मी दहा वर्षांचा होईपर्यंत त्यांना ऐकलंय. संध्याकाळी ओसरीवर बसून नाट्यपदं वाजवायचे. आवाज कसा होता कसं सांगू, तुपात घोळवून बाहेर काढल्यासारखा. आत स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पा चालू असायच्या, त्यांच्या आड तो कधी यायचा नाही, आणि तरी अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

यंदा दिवाळीत मामाने त्यांचा क्लॅरिनेट माझ्या हवाली केला. काळं लाकूड, वर 'बूझी अँड हॉक्स, लंडन' असा शिक्का, माझ्या वाद्यापेक्षा चाव्या कमी. चाव्यांखालचे पॅड कसरीने खाल्लेत, त्यामुळे वाजत नाहीच. माउथपीस काळ्याचा हिरवट-तपकिरी झालाय आणि त्याला दिवाळीच्या फटाक्यांसारखा वास येतो.

आता मुद्दा. दुकानदार म्हणतो, "वॉर्म टोन पाहिजे तर लाकडीच घ्या." म्हणजे लाखभर रुपये. दुसरीकडे वाचतो की नुसता माउथपीस बदला. मग बॅफल, चेंबर, फेसिंग, टिप ओपनिंग वाचून डोकं गरगरतं. ही ऊब नक्की असते कुठे? लाकडात, माउथपीसमध्ये की वाजवणाऱ्यात? सध्या वाद्याबरोबर डब्यात आलेलाच माउथपीस वापरतो. रीड दोन नंबरची, चांगली टिकलीये, पाच महिने एकच चालवतोय.

मडगावकर_साक्स

पाच महिने एकच रीड?! अरे बाबा, दात घासायचा ब्रशसुद्धा माणूस तीन महिन्यांनी बदलतो.

ती रीड म्हणजे शेवटी बांबूसारखं दिसणारं उंच गवत आहे, नळ म्हणतात ते. फ्रान्सच्या दक्षिणेला वार नावाचा भाग आहे, तिथलं. रीड रोज थुंकीत भिजते, वाळते, परत भिजते. महिन्याभरात मेलेली असते, नुसती बझ्झ करते. चार रीड घे, आळीपाळीने वापर, वाजवून झालं की पुसून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेव, नाहीतर पावसाळ्यात पापडासारख्या वाकतील. आणि दोनवरून अडीचवर जा. मऊ रीडवर जोरात फुंकलं की आवाज पसरट होणारच. आम्ही इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत शिकलो तेव्हा मेस्त, म्हणजे मास्तर, आधी रीड उजेडात धरून बघायचा, मग आमच्या तोंडाकडे.

लाकूडबिकूड नंतर. आधी रीड.

जुना_बँडवाला_मिरज

काळी पाच, दुकानदाराला तूर्त रामराम करा. लाखाचा विषय शेवटी.

मी मिरजेचा. बेचाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवला. वराती, उरूस, गणपती, आणि सीझन नसला की नाटकवाल्यांना नि भजनाला साथ. आता पुढचे दोन दात गेले, म्हणून वाजवणं बंद, दुरुस्ती चालू. म्हणजे जे सांगतोय ते तोंडाने नि हाताने केलेलं आहे.

पहिली गोष्ट, आमच्यात आवाजाला 'ऊबदार' कोणी म्हणत नव्हतं. ऊब गोधडीला. आम्ही म्हणायचो गोल किंवा भरीव. उलटा असला तर चपटा, फाटका. तुमच्या पेटीवाल्यांनी 'बोचतोय' म्हटलं, ते अगदी नेमकं.

आता माउथपीस. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत लहानपणी मी तासन् तास बसायचो. तंबोऱ्याची जवारी काढताना बघितली आहे का कधी? घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत टेकत थरथरते. कारागीर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत एकदा फिरवतो. खुली जवारी ठेवली तर झणझणीत बोलते, बंद ठेवली तर गोल आणि दबलेली. लाकूड तेच, भोपळा तोच, तारा त्याच. केसभर उताराने तंबोरा बदलतो.

माउथपीसचं तंतोतंत हेच आहे. तारेच्या जागी रीड, घोडीच्या जागी माउथपीसच्या दोन कडा. उलटा करून बघा. जिथे रीड बांधता ती सपाट बैठक. तिथून टोकाकडे दोन्ही कडा हळूच खाली उतरतात, त्यालाच फेसिंग म्हणतात. टोकाशी रीड आणि माउथपीसमध्ये फट राहते ती टिप ओपनिंग, साधारण एक ते सव्वा मिलिमीटर. फट मोठी असली तर मऊ रीड लागते, मींड झकास निघते, पण आवाज आवरायला ओठात ताकद लागते. तुमच्यासारख्या नव्या माणसाचा तिथे फाटतो. फट लहान, उतार लांब आणि रीड थोडी कडक, असं जमलं की आवाज गोळा होऊन येतो.

आतली बाजू. टोकाच्या लगेच मागे रीडच्या समोर जो उतार आहे त्याला बॅफल म्हणतात. मी त्याला टाळू म्हणतो, कारण काम तेच. टाळू रीडच्या जवळ असली की हवा चिमटीतून निघते आणि आवाज टोकदार होतो. टाळू खोल, थोडी पोकळ असली की गोल. त्याच्या मागचा घसा म्हणजे चेंबर. तिथल्या बाजूच्या भिंती किती उभ्या, किती कलत्या, त्यावर आवाजाला अंग किती ते ठरतं. पण फार खोल टाळू आणि ऐसपैस घसा असला की आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो. खोलीत छान, दहाव्या रांगेत ऐकूच येत नाही.

म्हणून सांगतो, गोल आवाज म्हणजे चांगला आवाज असं धरून चालू नका. माझ्याकडे दोन माउथपीस होते. बैठकीचा वेगळा, वरातीचा वेगळा. वरातीचा उंच टाळूचा, मोठ्या फटीचा, बोचरा. मागे ताशा, शेजारी ट्रम्पेट, समोर नाचणारी पोरं, तिथे गोल आवाज गाडला जातो. एकदा गडबडीत बैठकीचा घेऊन वरातीला गेलो. मास्तर दोन चौक झाल्यावर वळून म्हणाले, "आज उपास आहे का?"

आता तुम्ही करायचं काम. मोटरसायकल गॅरेजवाल्याकडे टॅपेट सेट करायचा फिलर गेज असतो. त्यातली ०.०५ मिलिमीटर जाडीची पट्टी मागा. काचेचा स्वच्छ, सपाट तुकडा माउथपीसच्या बैठकीवर दाबून धरा, जिथे रीड असते तिथे. टोकाकडून पट्टी हळूच आत सरकवा, जोर न लावता. जिथे अडेल तिथे डावीकडे नि उजवीकडे किती आत गेली ते फूटपट्टीने मोजा. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. एक मिलिमीटरचा फरक आला तरी रीड एका कडेवर आधी आपटते, मग आवाज फाटतो, मध्येच चीं करतो, आणि आपण ओठाला दोष देतो.

नंतर आजोबांचा माउथपीस मोजा. हिरवा झालाय आणि वास येतो म्हणजे तो एबोनाइटचा, रबर आणि गंधक. फटाक्याचा वास गंधकाचाच. उन्हाने आणि गरम पाण्याने हे होतं. गार पाण्यानेच धुवा. गरम पाणी लागलं तर बैठक वाकेल आणि आजोबांची जवारी गेली.

मग तो तुमच्या प्लॅस्टिकच्या वाद्यावर चढवा आणि तीच रीड लावून वाजवा. पेटीवाल्यांना पाठ करून बसवा. कोणता कधी लावलाय ते सांगू नका. ऊब कुठे आहे ते अर्ध्या तासात कळेल, एक रुपया न खर्चता.

सँडपेपर मात्र हातात घेऊ नका. मी बारा माउथपीस खराब करून शिकलो.

स्थिरतरंग

बँडवाले काका, जवारीची उपमा इतकी चपखल आहे की वर्गात वापरणार. (पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, क्लॅरिनेट फक्त ऐकतो.)

क्लॅरिनेट ही एका टोकाला बंद असल्यासारखी वागणारी सरळ नळी. त्यामुळे तिच्यात पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर (एकाच सुरात मिसळून वाजणारे वरचे सूर) जोरकस, सम क्षीण. म्हणूनच बासरीत फुंक वाढवली की सा वरून तार सा मिळतो, आणि क्लॅरिनेटची रजिस्टर की दाबली की थेट तार सप्तकातला पंचम. खालच्या सप्तकातला तो पोकळ, लाकडी गोडवा या विषम उपस्वरांचा.

हळू वाजवताना रीड मोकळी झुलते, आवाज साधा आणि गोल. जोरात वाजवलं की ती प्रत्येक फेरीत टोकाची फट पूर्ण बंद करते. हे बंद होणं जितकं झटक्यात, तितके वरचे उपस्वर जास्त, तितका आवाज बोचरा. लांब, हळुवार उतारावर रीड टेकत टेकत बंद होते, म्हणून धार कमी.

दुसरी चाळणी नळीवरच्या उघड्या भोकांची. साधारण १५०० हर्ट्झच्या वर भोकांची रांग आवाज अडवत नाही, तो तसाच पुढे निघून जातो आणि रीडला आधार मिळत नाही. भोकं लहान आणि लांब अंतरावर असली की ही सीमा खाली येते, आवाज गडद होतो.

आणि लाकूड? १९६४ मध्ये जॉन बॅकस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सुषिर वाद्यांच्या भिंतींची थरथर मोजली. ऐकू येणाऱ्या आवाजात तिचा वाटा नगण्य निघाला. म्हणजे लाकडाची ऊब शून्य.

जुना_बँडवाला_मिरज

सर, शून्य म्हणताना जरा थांबा. लाकूड थरथरून बोलत नाही हे मला पटतं. पण लाकडी वाद्याची भोकं आतून रुंद कोरलेली असतात, त्यांच्या कडा हाताने मोडलेल्या असतात. स्वस्त प्लॅस्टिकमध्ये साच्यातून निघालं तसं. फरक कानाला कळतो. श्रेय कोरणाऱ्याला, लाकडाला नव्हे, एवढंच म्हणा.

स्थिरतरंग

मान्य. शून्य मागे घेतो. प्लॅस्टिकमध्ये तितक्याच काळजीने भोकं कोरली तर काय, हा पुढचा प्रश्न.

नेकारकाठचा

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या गावात राहतो, मूळचा नाशिकचा. इथे प्रत्येक गावात हौशी वाद्यवृंद असतो, त्यात तिसऱ्या रांगेत क्लॅरिनेट वाजवतो. सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा माफी आधीच मागतो.

इथे 'ऊबदार' कोणी म्हणत नाही, 'डुंकेल' म्हणतात, म्हणजे गडद, अंधारा. आणि तो अंधार मिळवायला जर्मन लोकांनी वाद्यच वेगळं ठेवलंय. ऑस्कर ओलर (१८५८ ते १९३६) या बर्लिनच्या वादक-कारागिराच्या नावाने चालणारी चाव्यांची पद्धत, नळी जास्त लांबवर एकसारख्या रुंदीची. बर्लिन आणि व्हिएन्नाच्या मोठ्या वाद्यवृंदांत अजून जर्मन-ऑस्ट्रियन घराण्याचीच वाद्यं चालतात. काळी पाच यांच्याकडचं बोहम हे फ्रेंच घराणं, क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर या जोडीने १८३९ मध्ये पुढे आणलेलं.

माझ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी फ्रेंच आणि जर्मन माउथपीस शेजारी ठेवले. काकांनी सांगितलं ते सगळं समोर दिसलं. जर्मनाची फट कमी, उतार लांब, रीड अरुंद. आणि रीड धातूच्या क्लिपने नाही, काळ्या दोऱ्याने बांधतात, भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तशी. मी पहिल्यांदा बांधली तेव्हा दुसऱ्या सुरालाच सुटून मांडीवर पडली.

लाकडाबद्दल एक. ब्राम्स या जर्मन संगीतकाराने १८९१ मध्ये मायनिंगनच्या म्युलफेल्ड नावाच्या वादकाचा क्लॅरिनेट ऐकला आणि लिहिणं जवळजवळ थांबवलेला तो माणूस परत लिहायला बसला. क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांची पंचवादी रचना त्यातून आली. म्युलफेल्डचे क्लॅरिनेट बॉक्सवुडचे होते, पिवळसर लाकूड, म्युनिकच्या ओटेनश्टायनरने बनवलेले. लोक म्हणतात ती ऊब बॉक्सवुडची. पण त्या वाद्याची नळी, भोकं, माउथपीस सगळंच आजच्यापेक्षा वेगळं होतं. श्रेय मात्र रंगाने वेगळं दिसणाऱ्या लाकडाला मिळालं. आजचं काळं लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, टांझानिया-मोझांबिककडचं. आपल्या शिसवीचं चुलत भावंड आहे म्हणे, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

काळी_पाच

सगळ्यांचे आभार. रविवार यातच गेला. निकाल सांगतो.

रीड बदलली. अडीच नंबर, चार घेतल्या, मागे पेन्सिलने आकडे टाकले. मडगावकर, जुनी रीड उजेडात धरली तर टोकाशी केसाएवढी चीर. एक शब्द बोलत नाही.

फिलर गेज गॅरेजमधून आणला. मालकाने कशाला विचारलं, "क्लॅरिनेटला" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं. डब्यातल्या माउथपीसला पट्टी डावीकडे १६ मिलिमीटर गेली, उजवीकडे साडेचौदा. आजोबांच्या माउथपीसला दोन्हीकडे १७. पाच वेळा मोजलं. इतका जुना, हिरवा पडलेला तुकडा, आणि दोन्हीकडे १७.

बूच वाळून आकसलं होतं, म्हणून प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळून तो माझ्या बॅरलमध्ये (माउथपीसच्या खालच्या छोट्या तुकड्यात) बसवला. पेटीवाले काका भिंतीकडे तोंड करून बसले. सहा वेळा अदलाबदल केली, तीच रीड, तोच मंद्र ग धरून. सहाच्या सहा वेळा ओळखलं. तिसऱ्या वेळी तर म्हणाले, "हा लाव रे, तो काढ." प्लॅस्टिकच्याच नळीतून तो आवाज येत होता! आजोबांइतका नाही, पण घराणं तेच. माझ्या अंगावर काटा आला आणि काकांनी पेटीवर सूर धरला.

आणि तिथेच घोटाळा. सूर जुळेना. सा जेमतेम, पण मधल्या सप्तकात पंचमापासून कोमल निषादापर्यंत सगळे खाली. बॅरल पूर्ण आत ढकलला तरी खाली. हे का? आणि आजोबांचा लाकडी दुरुस्त करून घेतला तर तो तरी पेटीशी जुळेल का?

जुना_बँडवाला_मिरज

हे व्हायलाच पाहिजे होतं, मुद्दाम आधी सांगितलं नाही. कानाने कळलेलं टिकतं.

तुमच्या काळी पाचच्या (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या) सा ला धरून ते पंचम ते कोमल निषाद म्हणजे क्लॅरोनेटचे घशाचे सूर. जवळजवळ सगळी बोटं उघडी, नळी अगदी आखूड. त्यामुळे माउथपीसच्या आतल्या पोकळीचा वाटा तिथे सर्वांत मोठा. आजोबांचा माउथपीस रुंद नळीच्या इंग्लिश वाद्याच्या जोडीचा असणार, आत पोकळी जास्त. तुमची नळी बारीक. पोकळी वाढली की सूर उतरतो, आणि आखूड सुरांना जास्त उतरतो. यावर उपाय आखूड बॅरल. ६६ मिलिमीटरचा असेल तर ६५ किंवा ६४ मिळतो का बघा. बॅरलचाही परिणाम त्याच सुरांवर सर्वांत जास्त, म्हणून औषध नेमकं लागू पडतं. पण पुरतं नाही. माउथपीस आणि नळी हे नवराबायको आहेत, एकाला दुसऱ्याच्या घरी नांदवायचं म्हणजे कुरकुर राहणार.

तेव्हा आजोबांचा रोज वापरू नका. त्याच्यासारखा समतोल असलेला, १.०५ ते १.१ मिलिमीटर फटीचा नवा घ्या. यामाहाचा ४सी स्वस्तात मिळतो, १.०५ चा, साधा पण सरळ. पुढे हात सैल झाला तर व्हँडोरनचा ५आरव्ही लायर, तो १.०९५. बी४५ च्या नादी सध्या लागू नका, १.१९५ आहे, तुमच्या ओठाला झेपणार नाही. दुकानातून घेताना काच आणि पट्टी खिशात ठेवा.

घशाचे सूर पोकळ, दमेकऱ्यासारखे येतात हे तुम्हाला जाणवलं असेल. आणि लगेच पुढचा शुद्ध नी एकदम घंटेसारखा. तो वाद्याचाच स्वभाव. पंचम-धैवत वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं खाली दाबून बघा. सूर फारसा हलत नाही, अंग येतं. कोणती बोटं ते प्रत्येक वाद्यावर वेगळं, स्वतः शोधा.

आजोबांच्या लाकडीबद्दल. बूझी अँड हॉक्स ही जोडी १९३० ची, त्याआधी दोन वेगळ्या कंपन्या. तेव्हा वाद्य तीसच्या नंतरचं. तरी शिक्क्याजवळ 'एचपी' (हाय पिच, उंच पट्टी) किंवा 'एलपी' (लो पिच, खालची पट्टी) अशी अक्षरं आहेत का भिंगातून बघा. जुन्या इंग्रजी पलटणींचे बँड उंच पट्टीत वाजवायचे, मधला ए ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास. एचपी निघाला तर जवळजवळ पाव स्वर चढा, कोणत्याही पेटीशी जुळणार नाही, मग दुरुस्तीवर पैसे घालू नका. एलपी निघाला तर मिरजेला घेऊन या, पॅड मी बसवतो. आणि दुरुस्त झाल्यावर पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटांच्या वर फुंकू नका. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड आतून ओलं झालं की वरच्या तुकड्याला चीर जाते.

आता शेवटचं, आणि मला याचीच सर्वांत उत्सुकता आहे. आजोबांच्या माउथपीसच्या वरच्या बाजूला दातांचे खड्डे असतील. टोकापासून किती मिलिमीटरवर आहेत मोजा. मग तुमच्या माउथपीसवरचे मोजा.

काळी_पाच

मोजले. आजोबांचे १३ वर. दोन, चांगले खोल, डावा जरा जास्त. माझे ८ वर.

जुना_बँडवाला_मिरज

वाटलंच. तुम्ही टोकाशी चिमटीत धरून वाजवताय. रीडला झुलायला जागाच नाही, म्हणून चपटा.

रीड बांधा. जाड कागदाचा कपटा रीड आणि माउथपीसच्या मधून आत सरकवा, अडेल तिथे रीडवर अंगठा टेकवा. खालचा ओठ तिथे. वरचे दात आपोआप आजोबांच्या खड्ड्यांपाशी जातील. हनुवटी सपाट, चावायचं नाही, आत घशात 'ई' नको, 'ऑ' म्हणताना असतो तसा मोकळा घसा ठेवा. आणि सकाळी वीस मिनिटं फक्त खर्ज. मंद्र ग, म, प. गवयाने भरावा तसा. गाणं वाजवायचं नाही.

काळी_पाच

आज सहावा दिवस. आधीचे चार दिवस नुसता चिरकत होतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुत्रं आणलंय का विचारलं. आजोबांचे खड्डे सोडून माझे दात परत ८ वर येतात, आपसूक. म्हणून माझ्या माउथपीसवर १३ च्या जागी सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा चिकटवलाय, दाताला कळावं म्हणून.

आज सकाळी मंद्र ग सात-आठ सेकंद नीट उभा राहिला. मग फुटला. बायको चहा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आत्ताचा बरा होता." लाकडीवर 'एलपी' आहे. पुढच्या शनिवारी मिरजेला येतोय काका, संध्याकाळी असाल का?

जुना_बँडवाला_मिरज

असतो. पेटीवाल्यांनाही आणा. आणि येताना आजोबांचा माउथपीस गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात वाकेल. रुमालात गुंडाळून खिशात.

मडगावकर_साक्स

आणि नव्या रीडवर तारीख घाल रे. पाच महिन्यांनी परत विचारतो.